शेजारच्या सीटवरचा ब्रेक

सकाळचे सहा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. छोटी पांढरी गाडी पाण्याच्या टाकीजवळचा चढ दुसऱ्या गियरमध्ये चढत होती. शेजारच्या सीटवर बसलेल्या ब्रेकताईंची नजर पुढच्या दूधगाडीवर होती.

"थांबतोय बघ तो."

"दिसला, ताई." स्टिअरिंगवर सिस्टर होती. रुग्णालयातली रात्रपाळी संपवून ती थेट आली होती, पांढऱ्या युनिफॉर्मवर स्वेटर चढवून. गाडी दूधगाडीच्या मागे हातभर अंतर राखून अलगद थांबली. "बघितलंत? लोण्यासारखी."

"थांबायला काय, भिंतसुद्धा थांबवते. आता उचल. मागे उतार आहे."

सिस्टरने गाडी न गचकता उचलली आणि रात्रीची बातमी सांगायला घेतली. "नऊ नंबरच्या आजोबांनी सलाइन उपटून टाकलं. म्हणाले, घरी जातो, बायको वाट बघतेय. बायको शेजारी स्टुलावर बसलेली!"

"मग?"

"त्या म्हणाल्या, गुमान पडा, मी इथेच आहे. तर आजोबा म्हणतात, तू नव्हे, ती."

दोघी हसल्या. हसता हसता एक सायकलवाला आडवा गेला. गाडी मंदावली, तो गेला, गाडी पुन्हा चालू लागली. दोघींपैकी कुणीही त्याची दखल घेतली नाही.

ताईंच्या पायाशी दोन जादा पेडल आहेत, एक क्लचचं, एक ब्रेकचं. शिकवायच्या गाडीत ती बसवून घ्यावी लागतात. शिकणारा चुकला तर शेजारच्याने गाडी थांबवायची. बावीस वर्षांत ताईंची गाडी कुणाला घासलीसुद्धा नाही. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. खरं नाव टपाल आणणाऱ्याला माहीत आहे, बाकी कुणाला त्याची गरज पडत नाही. दुसऱ्याच्या गाडीत बसल्या तरी त्यांचा उजवा पाय रिकाम्या मॅटवर दाबला जातो. त्यांचा भाचा म्हणतो, "मावशी, खाली भोक पडेल. पायाने चालवावी लागेल मग."

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे ही एक गाडी, एक फोन आणि टायरच्या दुकानावरची खोली. खोलीत खाट, शेगडी, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. तो फुकट मिळाला होता आणि त्याच्यामागे भिंतीचा पोपडा झाकला जातो. स्कूल मुळात भावाचं. तो मुलांकडे दुसऱ्या शहरात गेला आणि जाताना चावी बहिणीच्या हातात ठेवून गेला. ताईंचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल त्या एवढंच सांगतात, की माणूस गाडी बरी चालवायचा.

ही त्यांची तिसरी गाडी. तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या: सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त, काचा हाताने फिरवायच्या. शिकणारे ज्या गाडीत शिकत तीच पुढे घेत. हाताला तिचीच सवय झालेली असे. गाडी घेतली की पहिल्या दिवशी ताईंना शेजारी बसवून एक चक्कर मारायची, असा ताईंच्या शाळेचा रिवाज होता. कंपाउंडर, शिंपी, शाळेतला कारकून, केसांचं दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणी, सगळ्यांनी ती चक्कर मारली. एके काळी महिन्याला दोन-तीन व्हायच्या. ताई त्यासाठी वेगळी साडी ठेवत.

यंदा ती साडी नेसायची वेळ आली नाही. लोक शिकतात, परीक्षा देतात, परवाना खिशात घालतात आणि बसने घरी जातात. काही जण महिन्या-दोन महिन्यांनी परत येतात, तासाचे पैसे देऊन ताईंच्या गाडीत गावाबाहेर जाऊन येतात. हाताची सवय मोडू नये म्हणून. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका तर दर रविवारी येतात. पूर्ण रस्ता एक अक्षर बोलत नाहीत. उतरताना "बरं वाटलं" म्हणतात.

सिस्टरची गोष्ट निराळी होती. तिला गाडी हवीच होती, आणि कारण साधं होतं. एका संस्थेने घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करण्यासाठी परिचारिकांच्या जागा काढल्या होत्या. दिवसाचं काम. अट एकच, परवाना हवा आणि स्वतःची गाडी हवी. सिस्टर अकरा वर्षं रात्रपाळी करत होती. मुलगी पाचवीत, रात्री शेजारणीकडे झोपायची आणि सकाळी आपलं पांघरूण काखेत मारून घरी यायची. नवरा नव्हता. "म्हणजे आहे," सिस्टर म्हणायची, "पण जसा सलाइन काढून पळालेला पेशंट असतो ना, तसा. कागदावर अ‍ॅडमिट."

गाडीची सोय ताईंच्या भाच्याने केली होती. तो मोटारींच्या शोरूममध्ये विक्रेता आहे. या लहान गाडीला शोरूममधली पोरं 'टकली' म्हणत, कारण तिच्यावर काहीच नव्हतं: काचांना बटणं नाहीत, गाण्यांची पेटी नाही, चाकांना झाकणं नाहीत. पूर्वी टकली दारातच उभी असे, येणाऱ्याने आधी तिच्याकडे बघावं म्हणून. मग ती खांबामागे गेली. मग फलकावरून तिची किंमत गेली. नंतर कंपनीने तिचं उत्पादनच बंद केलं आणि त्याच तोंडवळ्याची, समोर टीव्हीसारखा पडदा आणि बटणं असलेली गाडी जवळपास दीडपट किमतीला 'सुरुवातीची' म्हणून उभी केली.

"का रे पण?" ताईंनी विचारलं होतं. "लोकांना नको होती का?"

"लोकांना हवी होती, मावशी. कंपनीला नको होती. नियम वाढले, पत्रा महागला, सगळं घालून टकली विकली तर हातात चहाचे पैसे उरतात. मोठी एक विकली की दहा टकल्यांचं सुटतं. आम्हालाही तसंच शिकवलंय. गिऱ्हाइकाने स्वस्तातली विचारली तर आधी पाणी द्यायचं आणि मग मोठीत बसवायचं."

"आणि ज्याला मोठी झेपत नाही?"

"तो पाणी पिऊन जातो."

एक टकली मात्र उरली होती. राखाडी रंगाची, दुसऱ्या गावाहून परत आलेली. भाच्याने ती सर्व्हिसिंगच्या शेडमागे ताडपत्री घालून उभी केली होती. "महिनाअखेरपर्यंत ठेवतो. मॅनेजरच्या नजरेस पडली तर माझं काही चालायचं नाही," तो म्हणाला होता. सिस्टरची अडचण अशी, की परवाना नाही तर संस्थेचं पत्र नाही, पत्र नाही तर बँकेचं कर्ज नाही, कर्ज नाही तर गाडी नाही. सगळं परीक्षेला टांगलेलं होतं. आणि परीक्षेची ताईंना काळजी नव्हती. दोन महिन्यांत इतकी अलगद गाडी थांबवणारी शिकाऊ त्यांनी पाहिली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी ताईंच्या सीटवर परीक्षक बसले. उंच माणूस, कंबरदुखीचा पट्टा लावलेला. त्यांनी जादा पेडलांपासून पाय मागे घेतले, सीट सरकवली आणि म्हणाले, "चला." ताई कुंपणाबाहेर उभ्या होत्या. गाडी वळणावरून नीट आली, आठचा आकडा नीट काढला, थांबण्याच्या रेषेकडे आली आणि रेषेवरून पुढे गेली. शांतपणे, काही घाई नसल्यासारखी. पुढे वाळूचं पिंप होतं. त्याला टेकून थांबली.

"मी दाबला होता, ताई," बाहेर आल्यावर सिस्टर पुन्हा पुन्हा सांगत होती. "नेहमी दाबते तेवढाच दाबला होता. ब्रेक उतरलाय तुमच्या गाडीचा."

परीक्षक कागदावर शिक्का मारत म्हणाले, "बाई, ब्रेक दाबायचा असतो. त्याला नुसता नमस्कार करून भागत नाही." फेरपरीक्षा पंधरा दिवसांनी. महिना संपायला त्यानंतर तीन दिवस उरत होते.

त्याच दुपारी ताई गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेल्या. मिस्त्रीने चारही चाकं उघडली, तेल पाहिलं, फेरी मारून आला. "ब्रेकला काही झालेलं नाही. फक्त हे बघा." त्याने ताईंच्या बाजूच्या पेडलवरचं रबर सोलून काढलं. मधोमध झिजून त्याला खिडकी पडली होती. "दोन सर्व्हिसिंगपूर्वी मीच नवं घातलं होतं. आणि ड्रायव्हरच्या बाजूचं बघा, अजून नक्षी तशीच. गाडी पोरं चालवतात की तुम्हीच, ताई?"

"पोरंच," ताई म्हणाल्या.

"मग पाय भाड्याने दिलाय वाटतं."

ताईंनी रबर रुमालात गुंडाळलं. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळचे दोन्ही तास रद्द केले. असं त्या करत नाहीत.

रबर कुणामुळे झिजलं हे शोधायला फार डोकं लागणार नव्हतं. बाकीच्या शिकणाऱ्यांना त्या ओरडत, थांबवत, गाडी कडेला घ्यायला लावून समजावत. सिस्टरला त्यांनी दोन महिन्यांत एकदाही कडेला घ्यायला लावलं नव्हतं. चुकलेल्याला थांबवून सांगावं लागतं, आणि सांगायला घेतलं की चाललेली गोष्ट तुटते. नऊ नंबरचे आजोबा अर्धे राहतात. त्यापेक्षा पाय हललेला बरा. पायाने हे परस्पर ठरवलं होतं. दिवसभरात ताईंशी सलग एवढं बोलणारं दुसरं माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली तेव्हा रबर डॅशबोर्डवर होतं.

"आजपासून मी ब्रेक लावणार नाही," ताई म्हणाल्या.

"तुम्ही कुठे लावता?"

"तेच. तुला कळलं नाही आणि मला कळून घ्यायचं नव्हतं."

सिस्टरने रबर उचललं, खिडकीतून बोट आरपार घालून पाहिलं. "दूधगाडीमागे?"

"मीच."

"चढावर?"

"तिथे क्लच पण."

"लोण्यासारखी थांबायची ती..." सिस्टरने वाक्य सोडून दिलं. तिने रबर परत डॅशबोर्डवर ठेवलं. "आमची मेट्रन सुई लावायला शिकवायची ना, तेव्हा हात धरायची नाही. चुकलं की चिमटा काढायची."

"मग काढ मला चिमटा."

"वेळ नाहीये, ताई. चावी द्या."

ताईंनी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. पाय खाली असते तर त्यांनी ऐकलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. एक हात तेवढा मधल्या हँडब्रेकपाशी ठेवला. पहिले चार दिवस त्या सिस्टरला बाजाराच्या रिकाम्या मैदानात घेऊन गेल्या. गाडी कधी आचके खात थांबली, कधी थांबलीच नाही. एकदा ताईंचं कपाळ काचेवर आपटलं. सिस्टरने गाडी बंद केली, कपाळ बघितलं, "टेंगूळ येईल" म्हणाली आणि पुन्हा चालू केली.

रस्त्यावर आल्यावर सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्याने वाकून पाहिलं. "आजी, घरच्यासारख्या बसलात की!"

"तू पुढे बघ. हिरवा होतोय," ताई म्हणाल्या. एरवी सिस्टरने यावर काहीतरी जोडलं असतं. ती आरशात बघत होती.

गाडीतलं बोलणं बंद झालं होतं. रागाने नव्हे. स्वतः गाडी चालवणाऱ्या माणसाला गोष्टी सांगायला सवड नसते, निदान पहिल्या पंधरा दिवसांत तरी. ताईंनी एकदा विचारलं, "नऊ नंबरचे आजोबा कसे आहेत?"

"गेले घरी," सिस्टर म्हणाली. जरा वेळाने, वळण घेऊन झाल्यावर, "चालत गेले," असं जोडलं. ताईंच्या पोटऱ्यांना मुंग्या आल्या होत्या, पण मांडी त्यांनी मोडली नाही.

फेरपरीक्षेला तेच परीक्षक होते. गाडी रेषेच्या वीतभर आधी थांबली, जरा जोरातच. परीक्षकांनी कमरेला हात लावला. "आज नमस्कार नाही, धपाटा," ते म्हणाले आणि पासचा शिक्का मारला. सिस्टरने शिक्क्यावर फुंकर मारली. शाई वाळायच्या आत तिने संस्थेत फोन केला, दुपारपर्यंत पत्र हातात पडलं. तिथून त्या दोघी थेट शोरूमला गेल्या. गाडी सिस्टरने चालवली.

भाचा दारातच भेटला. त्याने मावशीकडे पाहिलं आणि सिस्टरकडे पाहिलं नाही, तेव्हाच ताईंना कळलं.

"काल संध्याकाळी," तो म्हणाला. "ताडपत्री वाऱ्याने उडाली आणि मॅनेजर नेमके मागे आले. एक निवृत्त मास्तर आहेत, सहा महिने रोज फोन करत होते. त्यांना बोलावून घेतलं. अर्ध्या तासात घेऊन गेले."

"कालच फोन करायचास की रे मेल्या."

"आज हिची परीक्षा होती ना, मावशी. म्हटलं, हातपाय गळायचे."

मॅनेजर स्वतः आले. पाणी आलं. सिस्टरला पडदा आणि बटणं असलेल्या गाडीत बसवण्यात आलं. आतून नव्या प्लॅस्टिकचा वास येत होता. "फरक थोडाच आहे, मॅडम. हप्ता दोन वर्षं वाढवून घ्या, कळणारसुद्धा नाही."

सिस्टरने हप्त्याचा आकडा विचारला. ऐकून तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मला कळेल," ती म्हणाली. "माझा पगार रोज मलाच दिसतो." ती उतरली आणि दार हळू लावून घेतलं, दुसऱ्याच्या घरातलं लावावं तसं.

भाच्याने जुन्या गाड्यांच्या बाजारातही विचारून पाहिलं. नवीन टकली मिळेनाशी झाल्यापासून जुनीचा भाव चढला होता; सात वर्षांची गाडी पूर्वीच्या नवीच्या किमतीत होती, आणि तेवढ्या जुन्या गाडीला बँक कर्ज देत नव्हती. संस्थेत पहिल्या तारखेला गाडीसह रुजू व्हायचं होतं. सिस्टरने तिथल्या बाईंना शोरूमच्या पायरीवरूनच फोन केला. बाई चांगल्या बोलल्या. यादीत पुढचं नाव होतं, त्यांना तेच घ्यावं लागणार होतं.

परतताना गाडी सिस्टरनेच चालवली. ताई पाय खाली सोडून बसल्या होत्या; पाय जागचा हलला नाही, हलायची गरजही पडली नाही. आपली गाडी हिला द्यावी का, हा विचार ताईंच्या मनात शोरूमच्या फाटकापासून टायरच्या दुकानापर्यंत होता. दिली तर शिकवायला दुसरी कुठून आणायची, हा प्रश्नही तेवढाच वेळ होता. त्यांनी दोन्ही बोलून दाखवलं नाही.

दुकानासमोर सिस्टरने गाडी लावली, गियर काढला, हँडब्रेक ओढला, चावी काढून ताईंच्या हातात दिली. सगळं बरोबर क्रमाने.

"पहिल्या परीक्षेला पास झाले असते तर..." ती म्हणाली.

"हो," ताई म्हणाल्या. "गाडी मिळाली असती."

सिस्टरने ताईंच्या कपाळावरचं टेंगूळ बोटाने दाबून पाहिलं. "उतरलंय."

"रविवारी येत जा. हाताची सवय मोडू नये म्हणून. तुझ्याकडून तासाचे पैसे नकोत."

"रविवारी मुलगी घरी असते, ताई."

"हो. तेही खरंच."

सिस्टर रस्ता ओलांडून गेली. ताईंनी गाडीच्या काचा एकेक करून हाताने फिरवून वर घेतल्या, दार लावलं आणि जिना चढून वर गेल्या. खाली दुकानदार कुणाच्या तरी टायरमध्ये हवा भरत होता.

सिस्टरची रात्रपाळी आज रात्री दहाला सुरू होईल आणि उद्या सकाळी सहाला संपेल. तिची बस रुग्णालयाच्या फाटकासमोरून सहा पंचविसाला सुटते. ब्रेकताईंचा उद्याचा पहिला तास आता सातचा आहे.